एकट्याचा प्रवास

आपल्याकडे कोणी एकटा फिरायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "का रे, घरात काही बिनसलं का?" वेलंकनीला आपण जातो ते पन्नास जणांची बस करून. जुन्या गोव्याला जायचे तर तीन कुटुंबे, सहा डबे आणि रात्रभर गाणी. एकट्याने गेलेला माणूस एकतर भांडून गेलेला असतो, नाहीतर दुःखात असतो, असे आपण धरूनच चालतो. आणि तो परत येऊन "फार आनंद वाटला" असे म्हणाला, तर आपल्या मनात एक शब्द हळूच येतो. तो शब्द म्हणजे स्वार्थी.

हा शब्द मलाही चिकटला. कोणी तोंडावर म्हटले नाही, पण माझा मीच चिकटवून घेतला. म्हणून आज या पानावर त्या प्रश्नाचा विचार करावा असे वाटते. जो आनंद कोणाबरोबर वाटून घेतला नाही, तो घेण्याचा आपल्याला हक्क आहे का?

२०१८ च्या सप्टेंबरात मी आणि माझी पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियात, सॅन होजेला गेलो. बँकेतून निवृत्त होऊन मला वर्ष झाले होते. नात झाली. घर बाळाच्या रडण्याने, दुपट्यांनी आणि बाळंतशोपांच्या वासाने भरून गेले. पत्नीला क्षणाची उसंत नव्हती आणि मला कामच नव्हते. मी काही करायला गेलो की ते उलटेच व्हायचे. शेवटी एके दिवशी ती म्हणाली, "अहो, तुम्ही कुठेतरी जाऊन या पाहू. नुसते पायात पायात येता." जावईबापूंनी गाडीची किल्ली हातात दिली. मुलगी मात्र नाराज होती. "पप्पा, या वयात एकटे कशाला? महिनाभर थांबा, सगळे मिळून जाऊ." पण खरे सांगतो, मला सगळे मिळून जायचे नव्हते. एकट्यालाच जायचे होते. असे मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटले होते, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

मी गेलो तो रस्ता जगात प्रसिद्ध आहे. त्याला हायवे वन म्हणतात. कार्मेल गावापासून दक्षिणेला सॅन सिमियनपर्यंत सुमारे १४५ किलोमीटर तो समुद्राला धरून जातो. या भागाचे नाव बिग सर. तिथे सांता लुसिया नावाची डोंगररांग थेट पॅसिफिक महासागरात उतरते. आपल्या वसईच्या किनाऱ्यासारखी मधे वाळू, सुरूची झाडे, भातशेती असे काही नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल पाणी, आणि मधे दोन गाड्यांपुरता रस्ता. अमेरिकेत गाडी उजव्या बाजूने चालवतात. त्यामुळे दक्षिणेकडे जाताना आपली गाडी समुद्राच्या अंगाला असते. पहिला तासभर मी स्टीअरिंग असे घट्ट धरले होते की बोटे आखडली. समुद्राकडे पाहण्याची हिंमत झाली नाही.

कार्मेलपासून सुमारे २० किलोमीटरवर बिक्सबी पूल लागतो. एका खोल घळीवर काँक्रीटची एकच मोठी कमान आहे. उंची २६० फुटांहून अधिक, लांबी ७१४ फूट. १९३२ साली तो पूर्ण झाला. तिथे गाडी बाजूला लावून मी उतरलो. धुके खाली समुद्रावर होते आणि मी उन्हात उभा होतो. वारा असा की टोपी धरून ठेवावी लागली. कितीतरी वेळ मी नुसता उभा होतो. कोणाला "हे बघ" म्हणायचे नव्हते, कोणाचा फोटो काढायचा नव्हता, कोणाला भूक लागली का हे विचारायचे नव्हते. मोबाइलला सिग्नल नव्हता, आणि तो नसल्याचे मला बरे वाटले. मी आनंदी होतो. आणि त्या आनंदाचा एक भाग हाच होता की जवळ कोणी नव्हते. हे लिहायला सोपे नाही, पण इथे खोटे लिहिले तर पुढच्या विचाराला अर्थ राहणार नाही.

एकटा म्हणजे किती एकटा?

त्या रात्री मुक्कामाच्या जागी मी रस्त्याचा इतिहास वाचला आणि माझ्या एकटेपणाला पहिला धक्का बसला.

१८९४ साली या किनाऱ्यावर पॉइंट सरजवळ एक आगबोट खडकावर आपटली. माँटरेचे डॉक्टर जॉन रॉबर्ट्स जखमी प्रवाशांवर उपचार करण्यासाठी घोड्याच्या दोन चाकी गाडीतून त्या वाईट वाटेने गेले. या भागाला चांगला रस्ता हवा हा ध्यास त्यांनी पुढे अनेक वर्षे धरला. १९१९ मध्ये काम सुरू झाले आणि १९३७ मध्ये रस्ता वाहतुकीला खुला झाला. म्हणजे तब्बल १८ वर्षे लागली. कडे सुरुंगाने फोडावे लागले. आणि हे काम केले कोणी? मजूर होतेच, पण मोठ्या संख्येने होते ते सॅन क्वेंटिन तुरुंगातले कैदी. रस्त्याच्या कडेला त्यांच्या छावण्या होत्या. त्यांना दिवसाला ३५ सेंट मिळत आणि शिक्षेत सूट मिळे. लवकर घरी जाता यावे म्हणून ती माणसे हा डोंगर फोडत होती. मी जिथे उभा राहून "किती शांत!" म्हणालो, तिथे कोणाच्या तरी हाताला फोड आले होते.

आणखी मागे गेले तर हा किनारा एसेलेन आणि इतर आदिवासींचा. स्पॅनिश लोकांनी १७७० पासून माँटरे आणि कार्मेल भागात मिशन वसवले, तेव्हा या लोकांचे जुने जगणे मोडले. रोगराईने त्यांची माणसे भराभर गेली. आपण ज्याला निर्जन म्हणतो ते पुष्कळदा निर्जन झालेले असते. २०२० साली एसेलेन लोकांना त्यांच्या या जुन्या प्रदेशातली सुमारे १,२०० एकर जमीन परत मिळाली, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

मग असा प्रश्न पडतो, की हे कळल्यावर ते सौंदर्य डागाळते का? मला तसे वाटत नाही. कैद्यांनी बांधला म्हणून तो रस्ता कमी सुंदर होत नाही, आणि मी पाहिला नाही म्हणून त्यांचे कष्ट कमी झाले नसते. पण एक गोष्ट बदलते. आपण फुकट काही घेतलेले नाही, उधार घेतले आहे, हे कळते. ज्याला उधारी माहीत आहे तो निदान मालकाच्या तोऱ्यात वागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या उधारीचा एक छोटा धडा रस्त्यावरच मिळाला. मी हळू चालवत होतो. आरशात पाहिले तर मागे सात-आठ गाड्यांची रांग. कोणी हॉर्न वाजवला नाही, पण मला घाम फुटला. त्या रस्त्यावर ठिकठिकाणी कडेला थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. तिथे हळू जाणाऱ्याने बाजूला व्हायचे आणि मागच्यांना पुढे जाऊ द्यायचे. मागे पाच किंवा अधिक गाड्या साचल्या तर बाजूला होणे तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे. मी बाजूला झालो. एकेक गाडी हात दाखवत निघून गेली. समोरचा देखावा पाहण्याच्या नादात मागे कोण अडकले आहे हे मी बघितलेच नव्हते.

त्याच भागात काळे पडलेले डोंगरही दिसत होते. २०१६ च्या जुलैमध्ये कोणीतरी परवानगी नसताना शेकोटी पेटवली आणि ती नीट विझवली नाही. त्यातून लागलेला वणवा जवळजवळ तीन महिने धुमसत होता. १,३२,००० एकरांहून अधिक जंगल जळाले, ५७ घरे गेली, आग विझवायला आलेला एक बुलडोझरचालक मरण पावला. त्यानंतरच्या पावसाळ्यात डोंगर खचू लागले. एक पूल निकामी झाला आणि वस्तीचे दोन तुकडे पडले. २०१७ च्या मे महिन्यात मड क्रीक इथे अख्खी डोंगरउतरण रस्ता घेऊन समुद्रात गेली. रस्ता १४ महिने बंद होता. मी गेलो त्याच्या तीनच महिने आधी तो पुन्हा सुरू झाला होता. त्यानंतरही २०२१, २०२३ आणि २०२४ मध्ये दरडींनी तो पुन्हा पुन्हा बंद पडला. हा रस्ता एकदा बांधून झालेला नाही, तो सतत बांधावा लागतो. आपण एकटे जातो तेव्हाही कोणीतरी आपली वाट नीट राखत असतेच.

डोंगरावरचे संन्यासी

लुसिया नावाच्या ठिकाणी रस्त्याच्या कडेला एक साधा क्रूस दिसतो. तिथून वळणावळणाची एक अरुंद वाट सुमारे तीन किलोमीटर वर चढते. वर, समुद्रसपाटीपासून १,३०० फुटांवर, कामाल्दोली संन्याशांचा मठ आहे. १९५८ साली तो स्थापन झाला. संत रोम्युअल्ड यांनी अकराव्या शतकात इटलीत सुरू केलेली ही परंपरा संत बेनेडिक्टच्या नियमावर चालते. तमिळनाडूत कावेरीकाठी असलेला शांतिवनम् आश्रम, जिथे फादर बीड ग्रिफिथ्स राहिले, तोही याच परिवारातला.

मी तिथे दुपारी पोहोचलो. प्रत्येक संन्याशाची खोली वेगळी, तिला लागून छोटी बाग. एकाला दुसऱ्याची बाग दिसत नाही. मनात आले, ही खरी एकटी माणसे! मग सायंकाळी घंटा झाली आणि सगळी दारे उघडली. वृद्ध, तरुण, एक काठी टेकत येणारे, सगळे प्रार्थनेला एकत्र आले, स्तोत्रे म्हणाली आणि थोडा वेळ सर्वांनी मिळून मौन पाळले. मीही मागच्या बाकावर बसलो.

एकांत आणि एकटेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळले. एकांताला दार असते. माणूस स्वतः आत जातो आणि घंटा झाली की बाहेर येतो. एकटेपणाला दार नसते. आपला प्रभूही पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जात असे. शिष्य त्याला शोधत येत आणि तो पुन्हा लोकांत जात असे. तेव्हा एकटे जाणे हे पाप असू शकत नाही. त्या बाकावर मला फार हलके वाटले. माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे वाटले. तिथल्या दुकानात संन्याशांनी केलेला फ्रूट केक विकायला होता. एक घरी न्यायला घेतला आणि सॅन सिमियनच्या मुक्कामाला निघालो. तिसऱ्या दिवशी आतल्या मोठ्या रस्त्याने सॅन होजेला परत आलो.

उत्तर अर्धेच होते

डिसेंबरात आम्ही घरी परतलो. माझी आई २०१२ पासून अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होती. ती मोठ्या भावाकडे, म्हणजे आमच्या मूळ घरात असे. तिचे सगळे वहिनी करीत. आल्या आल्या मी आईच्या खाटेशी बसलो, केक कापला, फोटो दाखवले. पूल, समुद्र, धुके, मठ. मी एकांतावर बरेच काही बोललो. मठाचे वर्णन तर फारच रंगवून केले. आई ऐकता ऐकता झोपली. वहिनी उशी नीट करीत उभ्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"भाऊजी, मग त्या दोन रात्री तुम्हाला कोणीच हाक मारली नाही?"

मी म्हटले, "नाही. फोनसुद्धा लागत नव्हता."

"बरं वाटलं असेल," त्या म्हणाल्या, आणि आईचे भांडे उचलून मोरीकडे गेल्या.

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिले असते. त्यात फक्त नवल होते. दोन रात्री हाक न ऐकता झोपणे कसे असते, याचे खरेखुरे नवल. सहा वर्षे दर रात्री दोनदा-तीनदा उठणारी ती बाई. ती कधीच एकटी नसे. घरात माणसे, आई, येणारे-जाणारे, औषधवाला. आणि तरी तिच्याइतकी एकटी दुसरी कोणी नव्हती. मी डोंगरात एकटा होतो आणि मला एकटेपणा शिवला नाही. तिच्याभोवती भरलेले घर होते आणि तिला दार नव्हते.

तेव्हा मी हिशोब मांडला. माझे ते तीन दिवस कोणाच्या जिवावर? तिकडे पत्नी बाळाचे करीत होती. इकडे वहिनी माझ्या आईचे करीत होत्या. माझ्या आईचे! मी कैद्यांच्या ३५ सेंटांचा हिशोब वाचून हळहळलो, आणि माझ्या घरच्या कामाला तर ३५ सेंटही कोणी दिले नव्हते, ना कोणती सूट.

मग मी जायला नको होते का? या प्रश्नाशी मी बरेच दिवस झगडलो. मला वाटते, तसे म्हणणे ही पळवाट आहे. एकांत वाईट असेल, तर तो वहिनींनाही नको असे म्हणून आपण मोकळे होतो. आणि एकांत चांगला असेल, माणसाला तो अन्नपाण्यासारखा लागत असेल, तर तो फक्त निवृत्त पुरुषांसाठी आणि मठातल्या संन्याशांसाठी कसा? मी एकटा गेलो यात माझी चूक नव्हती. ते फक्त मलाच जमू शकते याचे मला काहीच वाटले नाही, ही माझी चूक होती. स्वार्थ शोधायचा तर तो प्रवासात शोधू नये, घरी परतल्यावर आपण कोणाची पाळी येऊ देतो त्यात शोधावा.

कोणी म्हणेल, प्रेमात पाळ्या मोजत नाहीत. आई आपल्या लेकराचे करताना सुट्टी मागत नाही. हे खरे आहे, पण अर्धेच. ज्याच्यावर भार आहे त्याने मोजू नये हे ठीक. पण ज्याच्यावर भार नाही त्याने तरी मोजले पाहिजे. आपण एक सोयीची गोष्ट करतो. अशा बाईला त्यागाची मूर्ती म्हणतो. तिच्या वाढदिवसाला, आईच्या पुण्यतिथीला तिचे कौतुक करतो. मूर्तीला पाठ दुखत नाही, मूर्तीला झोप लागत नाही. म्हणून कौतुक स्वस्त पडते.

आठ दिवस

मी आणि पत्नीने वहिनींना सांगितले, आठ दिवस तुम्ही कुठेही जा, आईचे आम्ही बघतो. त्या तयार झाल्या नाहीत. "मला कुठे जायचंय? मला काय गरज?" असे दोन महिने चालले. फार वर्षे एखादी गोष्ट मिळाली नाही की माणूस ती मागायचेही विसरतो. आम्ही जबरदस्ती केली नाही, पण विचारणे सोडले नाही. अखेर २०१९ च्या मे महिन्यात त्या निघाल्या. कुठे? माहेरी, नंदाखालला. घरापासून काही किलोमीटरवर.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी आईची कूस बदलायची हे मला ऐकून माहीत होते, करून माहीत नव्हते. आई माझ्यावर चिडे. "तुला नाही जमत. तिला बोलाव." तिसऱ्या रात्री चौथ्यांदा हाक आली तेव्हा मी उठलो तो रागानेच. आणि तेव्हाच कळले की वहिनींना हा राग सहा वर्षांत कितीदा आला असेल, आणि तो त्यांनी कुठे ठेवला असेल.

वहिनी परत आल्या. पहिले दोन दिवस नुसत्या झोपले, एवढेच त्यांनी सांगितले. बाकीच्या दिवसांचे त्यांनी काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही. माझ्या बिक्सबी पुलावरच्या त्या तासासारखे तेही त्यांचे एकटीचे असू द्यावे. त्यानंतर आई २०२२ मध्ये देवाघरी गेली तोपर्यंत जमेल तसे आम्ही दोघे जात राहिलो. कधी तीन दिवस, कधी एकच दुपार. यात काही मोठेपणा नाही. सहा वर्षे उशीर झाला होता.

बंधुभगिनींनो, आपल्याच धर्मग्रामात अशी घरे आहेत. ती आपल्याला माहीत आहेत, कारण त्या घरातली एक व्यक्ती रविवारच्या मिस्साला बरेच महिने दिसलेली नसते. आपण तिच्यासाठी प्रार्थना करतो, आजाऱ्याची विचारपूस करतो, सफरचंदे नेतो. पुढच्या वेळी सफरचंदे राहू द्या. दोन तास नेऊया. "तू जा, मी बसतो," एवढे म्हणूया. ती कुठे जाईल ते विचारू नका. समुद्रावर जाईल, देवळात जाऊन बसेल किंवा शेजारच्या खोलीत दार लावून झोपेल. ती एकटी का गेली असे कोणी विचारले, तर सांगा की तिची पाळी होती.